रेसची वही: घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणाऱ्यांनी हिशेब आणि नोंदी कशा ठेवाव्यात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या एका अडत दुकानात एकतीस वर्षं दिवाणजी होतो. रोजकीर्द लिहायची, खतावणी उतरवायची, संध्याकाळी रोखीचा मेळ घालायचा आणि मेळ बसल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय हाडात भिनलेली. रेसचा नादही तितकाच जुना. पण ही कीर्द रेसलाही लावावी, हे सुचायला मला बारा वर्षं लागली. आता ओळखीतली तरुण मुलं येऊन विचारतात, "काका, वही कशी ठेवायची?" त्यांचे जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहितो.

कोल्हापुरात रेस होत नाही. मग इथल्या माणसाला वही कशाला?

आपल्याकडे रेसकोर्स नाका आहे, पण तो आता नावापुरता. रेस बघायची तर पुण्याला नाहीतर मुंबईला जावं लागतं. दोन्हीकडच्या रेस रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. पुण्याचा सीझन पावसाळ्यात, साधारण जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत. मग घोडे मुंबईला महालक्ष्मीला जातात आणि तिथं एप्रिलपर्यंत रेस चालतात. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. म्हणजे आपला माणूस महिन्यातून एकदा किंवा दोनदाच जाणार. रोज रेसकोर्सच्या कठड्याला उभा राहणारा पुणेकर जे डोळ्यांत साठवतो, ते आपल्याला कागदावर साठवावं लागतं. लांबच्या माणसाला वही जास्त लागते, कमी नाही.

हिशेब आणि नोंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो, आणि त्या एकाच पानावर कोंबू नका. हिशेब म्हणजे पैशाची कीर्द: किती लावले, किती आले, किती गेले. नोंदी म्हणजे घोड्याबद्दल, जॉकीबद्दल, जमिनीबद्दल आपण जे पाहिलं ते. हिशेब तुमच्याबद्दल सांगतो, नोंदी घोड्याबद्दल. मी पुढून हिशेब लिहितो आणि वही उलटी करून मागून नोंदी. दोन्ही मध्यावर भेटले की वही संपली.

हिशेबाच्या पानावर नेमके रकाने कोणते?

तारीख, ठिकाण, रेसचा क्रमांक, अंतर, किती घोडे धावणार, आपला घोडा, बेटचा प्रकार, घेतलेला भाव (घोडा आला तर रुपयाला किती रुपये सुटणार तो आकडा), रेस सुटतानाचा शेवटचा भाव, लावलेली रक्कम, कर, परत आलेली रक्कम, शिल्लक. इतके रकाने जवळजवळ सगळेच सांगतील. माझ्या मते यात आणखी दोन हवेत आणि तेच सगळ्यात मोलाचे आहेत.

पहिला, "माझा अंदाज". हा घोडा जिंकण्याची शक्यता शंभरात किती, तो आकडा. दुसरा, "कारण", एका ओळीत. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो:

"शनिवार, पुणे. रेस ५. १२०० मी. ९ घोडे. नंबर ४. विन. भाव चार. शेवटचा भाव तीन. रक्कम २००. अंदाज २५. कारण: मागच्या वेळी १४०० ला शेवटच्या शंभरात दमला, आज अंतर कमी, तोच जॉकी. निकाल: दुसरा, मानेच्या अंतराने."

घोडा हरला आणि दोनशे रुपये गेले. तरी ही बेट मी आजही चांगली मानतो. मी चारचा भाव घेतला आणि रेस सुटताना तोच भाव तीनवर आला होता. म्हणजे मला जे दिसलं ते नंतर बाजारालाही दिसलं. शेवटच्या भावाचा रकाना यासाठीच ठेवायचा. पन्नास-साठ बेटमध्ये तुम्ही घेतलेला भाव शेवटच्या भावापेक्षा बहुतेक वेळा चांगला असेल, तर तुमची नजर बरी आहे, हरला असलात तरी. उलट तुम्ही घेतल्यावर भाव वाढतच जात असेल, तर सध्या जिंकत असलात तरी सावध व्हा.

नोंद कधी लिहायची? रेसनंतर घरी येऊन लिहिली तर चालत नाही का?

नाही चालत. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. भाव, अंदाज आणि कारण हे तीन रकाने घोडे गेटमध्ये जाण्याआधी भरलेले पाहिजेत. निकालाचे रकाने नंतर.

एका पावसाळी सीझनअखेर मी मित्रांना सांगत होतो, की यंदा आठ-दहा हजार सुटले. मला तसं मनापासून वाटत होतं. वही नव्हती, पण दिवाणजीचा स्वभाव स्वस्थ बसू देईना. पासबुक, एटीएमच्या चिठ्ठ्या, खिशात राहिलेली तिकिटं, एसटीची तिकिटं असं सगळं गोळा करून मी एका रविवारी बसलो. संध्याकाळपर्यंत बेरीज आली: चौदा हजार तीनशे नावे, म्हणजे तोट्यात. तीनदा केली, तीनदा तीच आली. जिंकलेल्या प्रत्येक रेसचा रंग, जॉकीचं जॅकेट, शेजारी कोण उभा होता, सगळं आठवत होतं. हरलेल्यांपैकी निम्म्या आठवतच नव्हत्या. मी कुणाशी खोटं बोललो नव्हतो. आठवणीनेच परस्पर हिशेब लिहून टाकला होता.

आणखी एक. रेस झाल्यावर कारण लिहायला घेतलं, की कारण निकालाप्रमाणे वाकतं. जिंकलेल्या घोड्याबद्दल "वाटतच होतं" आणि हरलेल्याबद्दल "तसा मला डाउटच होता". आधी शाईने लिहिलेलं वाक्य असं वाकत नाही. पेन्सिल वापरू नका.

भावाचे टक्के कसे काढायचे? गणित कच्चं आहे.

भावात एक मिळवा आणि त्याने शंभरला भागा. चारचा भाव म्हणजे १०० ला ४०० आणि आपले १०० परत. चार अधिक एक पाच, शंभर भागिले पाच, वीस टक्के. अडीचच्या भावाला साडेतीनने भागायचं, साधारण २८.६ टक्के. बरोबरीच्या भावाला, म्हणजे १०० ला १०० ला, पन्नास टक्के.

आता एक काम करा. एखाद्या रेसच्या सगळ्या घोड्यांचे टक्के काढून बेरीज करा. समजा सहा घोडे आहेत आणि भाव दीड, तीन, चार, सहा, दहा आणि पंधरा. टक्के होतात ४०, २५, २०, १४.३, ९.१ आणि ६.३. बेरीज ११४ च्या वर जाते. खरी शक्यता शंभरच असू शकते. वरचे चौदा म्हणजे बुकीची मजुरी. बेरीज १३० च्या पुढे गेलेली रेस मी सोडून देतो आणि वहीत "सोडली" असं लिहितो. सोडलेल्या रेसचीही नोंद हवी.

तुमचा अंदाज भावाच्या टक्क्यांपेक्षा वर असेल तरच बेट लावण्यात अर्थ आहे, असं पूर्वी सांगितलं की पुरत असे. आता ते पुरत नाही, कारण खालचा प्रश्न.

कराचा रकाना वेगळा कशाला? थोडीफार रक्कम असते ती.

थोडीफार नाही. बेटच्या पूर्ण रकमेवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. लक्षात घ्या, हा कर जिंकलेल्या रकमेवर नाही, लावलेल्या रकमेवर आहे. घोडा हरला तरी गेलेलाच.

कर बेटच्या रकमेवर वरून घेतला जातो असं धरून गणित करा. १०० रुपयांची बेट तुम्हाला १४० ला पडली. भाव अडीच होता आणि घोडा आला, तर हातात ३५०. निव्वळ सुटले २१०. म्हणजे तुम्ही १४० घालून २१० मिळवले, हा दीडचा भाव झाला, अडीचचा नाही. नफा-तोटा बरोबरीत यायला कर नसता तर शंभरात साधारण २९ वेळा जिंकावं लागलं असतं, आता ४० वेळा जिंकावं लागतं.

बरोबरीच्या भावाचा घोडा घ्या. १४० घातले, आला तर २०० हातात. बरोबरी गाठायला ७० टक्के वेळा जिंकायला हवं. आणि फेव्हरिटचा, म्हणजे सगळ्यात कमी भावाच्या घोड्याचा, भाव १०० ला ४० असेल, तर घोडा जिंकल्यावर हातात येतात १४०, म्हणजे दिले तेवढेच. सगळं बरोबर ओळखूनही शून्य.

हे मी वहीत पहिल्यांदा मांडलं तेव्हा बराच वेळ पानाकडे बघत बसलो. फेव्हरिटवर "सेफ" खेळणाऱ्या माझ्या दोन मित्रांना ते पान दाखवलं. एकाने फेव्हरिट सोडले, दुसरा अजून खेळतो. तुमच्या चिठ्ठीवर किंवा तिकिटावर कर कसा धरलाय ते वाचा आणि वहीत भावाच्या शेजारी "कर धरून भाव" असा रकाना आखा. बेटचा निर्णय त्या दुसऱ्या आकड्यावर घ्या.

टोटवर खेळलो तर भावाच्या रकान्यात काय लिहू?

टोटमध्ये भाव आधी ठरलेला नसतो. पूलमध्ये जमलेल्या पैशातून कपात होऊन उरलेले पैसे जिंकणाऱ्या तिकिटांत वाटले जातात. तिकीट घेताना बोर्डावर दिसणारा आकडा आणि नंतर जाहीर झालेला डिव्हिडंड, असे दोन्ही लिहा. शेवटच्या मिनिटांत मोठे पैसे आले की या दोन्हींत किती फरक पडतो, हे वीस-पंचवीस नोंदींत दिसायला लागतं.

जॅकपॉट, ट्रेबल, तनाला यांचा हिशेब त्याच पानावर?

वेगळ्या पानावर. यांत अनेक रेसचे विजेते किंवा एका रेसचे पहिले तीन घोडे ओळखायचे असतात, त्यामुळे या बेट क्वचित लागतात आणि लागल्या तर मोठ्या लागतात. त्या विनच्या बेटमध्ये मिसळल्या तर एका जॅकपॉटमुळे वर्षभराची कच्ची नजर झाकली जाते.

घोड्याबद्दलच्या नोंदींमध्ये काय टिपायचं? निकाल तर पेपरात येतोच.

पेपरात आकडा येतो, रेस येत नाही. "चौथा" एवढंच छापलं जातं. तो चौथा का आला, हे तुमच्या वहीत असायला हवं.

जुलैमधल्या एका पावसाळी शनिवारी मी पुण्याला कठड्याशी उभा होतो. चौदाशे मीटरची रेस, सात नंबरचा घोडा. गेट उघडलं तेव्हा तो एका लेंथने, म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढा, मागे राहिला. वळणावर आतून कठड्याला धरून आला आणि शेवटच्या चारशेत पुढे दोन घोडे जोडीने धावत असल्याने कोंडला. जॉकीने एकदा बाहेर काढायचा प्रयत्न केला, जागा मिळाली नाही, मग त्याने चाबूक उचललाच नाही. घोडा हात आवरलेल्या जॉकीखाली कान पुढे ठेवून आला. चौथा, अडीच लेंथने. मी लिहिलं: "सुटायला उशीर. आत कोंडला. पूर्ण पळवलाच नाही. ओल्या जमिनीवर पाय छान टाकतो. परत बघणे."

तीन आठवड्यांनी तो पुन्हा धावला. मी लावले आणि तो पाचवा आला. जागा होती, कोंडला नाही, तरी पाचवा. नोंद चुकली का? मी मागचं पान उघडलं. "ओल्या जमिनीवर" हे शब्द मीच लिहिले होते आणि मधल्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली होती. माझी नोंद बरोबर होती, मी ती अर्धीच वाचली. तेव्हापासून नोंदीतल्या जमिनीच्या शब्दाखाली मी लाल रेघ मारतो.

तेव्हा हे टिपा: सुटला कसा, कोणत्या ड्रॉमधून (गेटमधली जागा), वळणावर आत होता की बाहेर, अडला का, शेवटच्या दोनशेत वेग धरून होता की पुढचे दमल्यामुळे पुढे सरकला, जॉकीने किती मेहनत घेतली, पाठीवर वजन किती होतं, मागची रेस होऊन किती दिवस झाले. ब्लिंकर (डोळ्यांच्या बाजूची झापडं) पहिल्यांदा लावलेत का. अप्रेंटिस (शिकाऊ) जॉकीच्या सवलतीमुळे वजन कमी झालंय का. पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवतात त्या आवारात) चालताना घामाघूम होता का, शांत होता का. जिंकल्यावर हँडिकॅपरने (वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) रेटिंग किती वाढवलं, कारण रेटिंग वाढलं की पुढच्या वेळी पाठीवर वजन वाढतं.

इथं आपल्या गावचा माणूस पुढे असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. खासबागेत कुस्ती बघत वाढलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, कुठल्या पैलवानाचा डावा पाय कच्चा, कोण दहा मिनिटांनंतर दम सोडतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. निकाल सगळेच बघतात, पण कुस्ती कशी झाली ते बघणारी ती नजर. घोड्याला तीच लावायची, फक्त कागदावर.

पुण्याच्या नोंदी मुंबईला चालतात का?

सावधपणे. पुण्याची जमीन पावसात भिजलेली, मुंबईची हिवाळ्या-उन्हाळ्यात कोरडी होत जाणारी. पावसाळ्यात चिखल तुडवत जिंकलेला घोडा जानेवारीत महालक्ष्मीला तसाच धावेल असं धरू नका, आणि उलटही. क्लब पेनिट्रोमीटरचं, म्हणजे जमीन किती मऊ-कडक ते मोजणाऱ्या उपकरणाचं, रीडिंग देतो, तो आकडा प्रत्येक रेसदिवशी पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. "ओली", "कडक" हे आपल्या डोळ्याचे शब्द झाले, आकडा पुढच्या वर्षीही तोच अर्थ सांगतो.

मोठ्या दिवसांवर खूण करून ठेवा. इंडियन डर्बी, चार वर्षांच्या घोड्यांची २४०० मीटरची रेस, १९४३ पासून होते आणि फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला असते. त्या दिवशी वर्षातून एकदाच येणारी माणसंही पैसे लावतात, त्यामुळे नावाजलेल्या घोड्यांचे भाव आवळतात. त्या दिवसाचा हिशेब मी वेगळ्या बेरजेत धरतो.

किती बेटनंतर वही काही सांगायला लागते?

पंधरा-वीस बेटनंतर काहीच नाही. एक उदाहरण देतो. समजा तुमची नजर अशी आहे की दर पाचात एक घोडा येतो. पन्नास बेटमध्ये दहा यायला हवेत. पण निव्वळ नशिबाने पाचही येऊ शकतात आणि पंधराही. पाच आले तर तुम्ही स्वतःला शिव्या घालाल, पंधरा आले तर नोकरी सोडायची भाषा कराल. नजर दोन्ही वेळा तीच.

दुसरी गोष्ट सलग हरण्याची. पाचात एक जिंकणाऱ्या माणसाला दोनशे बेटमध्ये कधीतरी सलग पंधराच्या आसपास हार बघावी लागणं अगदी नेहमीचं आहे. हे आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण अकराव्या हारीनंतर ते कुणी सांगून पटत नाही. मी दोनशे बेट होईपर्यंत कुठलाही मोठा निष्कर्ष काढत नाही. त्यानंतरही एकूण बेरजेपेक्षा पोटबेरजा बघतो: अंतरानुसार, जमिनीनुसार, भावानुसार. माझ्या वहीत हजार मीटरच्या रेसचा रकाना सतत नावे यायचा. छोट्या रेसमध्ये सुटण्यावर सगळं असतं आणि ते मला ओळखता येत नाही. त्या रेस बंद केल्या.

"माझा अंदाज" हा रकाना इथं कामाला येतो. ज्या ज्या घोड्यांना तुम्ही २५ टक्के दिले होते, ते सगळे एकत्र काढा. त्यातले खरोखर पाव जिंकले का? माझे २५ वाले सोळा-सतरा टक्केच जिंकत होते. म्हणजे मी दरवेळी स्वतःला दीडपट शहाणा समजत होतो. तेव्हापासून मनात २५ आले की वहीत १७ लिहितो.

हरलो की पुढची बेट दुप्पट करायची, कधीतरी घोडा लागतोच. हे वहीत कसं मांडायचं?

मांडून बघा, म्हणजे करणार नाही. शंभरापासून सुरू करा: १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४००, १२८००. आठ हारींत साडेपंचवीस हजार गेले, तेही कर न धरता. आणि नववी बेट पंचवीस हजार सहाशेची. सलग आठ हारी किती सहज येतात ते वर लिहिलंच आहे.

रेससाठी वेगळी थैली ठेवा. त्यातल्या रकमेच्या एक ते दोन टक्के, एवढीच प्रत्येक बेट, आणि ती मनाप्रमाणे वरखाली करायची नाही. दहा हजारांची थैली असेल तर शंभर ते दोनशे.

टीप लिहून ठेवावी का?

जरूर. टीप कुणी दिली, कधी दिली, भाव काय होता, तुम्ही लावली की नाही. न लावलेलीही लिहा. एक मुलगा माझ्याकडे आला, म्हणाला, "काका, त्यानं सात टिपा दिल्या, चार आल्यात की!" मी म्हटलं, गेल्या महिन्यात त्याने दिलेल्या सगळ्या आठवून लिहून काढ. एकवीस टिपा भरल्या, चार आल्या होत्या. तेच चार. बाकीच्या चौदा त्याने ऐकल्या होत्या, पण मोजल्या नव्हत्या.

इन्कम टॅक्ससाठी वहीचा उपयोग आहे का?

आहे, पण लोक समजतात त्या कारणासाठी नाही. रेसमधून जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. मूळ उत्पन्नाची करमुक्त मर्यादा या रकमेला लागत नाही. आणि हरलेले पैसे यातून वजा होत नाहीत. प्रवास नाही, रेसबुक नाही, काहीच नाही.

समजा वर्षभरात जिंकलेल्या बेटचे मिळून ६०,००० झाले आणि हरलेल्यांचे ७५,००० गेले. तुमच्या खिशातून पंधरा हजार कमी झाले. तरी कर साठ हजारांवर, म्हणजे १८,७२०. हे ऐकून लोकांना खोटं वाटतं. म्हणून हिशेबाच्या पानावर "जिंकलेले" आणि "हरलेले" यांची बेरीज नेहमी वेगवेगळी ठेवा, फक्त निव्वळ आकडा ठेवू नका.

एका व्यवहारात दहा हजारांपेक्षा जास्त जिंकलं तर ३० टक्के टीडीएस आधीच कापला जातो. ही एका व्यवहाराची मोजणी एप्रिल २०२५ पासूनची. त्याआधी वर्षाची बेरीज धरत. टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, असं नव्हे. रक्कम रिटर्नमध्ये दाखवायचीच, आणि साधा आयटीआर-१ त्यासाठी चालत नाही. कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या करकपातीच्या उताऱ्यात (२६एएस) दिसतो का ते वहीशी ताडून बघा. मला एकदा दोन हजारांचा फरक सापडला होता आणि तिकिटाची झेरॉक्स वहीत चिकटवलेली होती म्हणूनच तो मिटला. थर्मल कागदावरची छपाई उडते, झेरॉक्स काढाच.

वही बरी की मोबाईल?

बेरजा, पोटबेरजा एक्सेलमध्ये पटकन होतात. पण रेसआधीची ओळ मी वहीतच लिहितो, कारण ती नंतर बदलता येत नाही. आपल्या कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या देवळाजवळच्या दुकानांत लाल कापडी बांधणीच्या चोपड्या मिळतात, दोनशे पानी एक सीझनला पुरते. पुण्याच्या पावसात जेलपेन फुटतं, बॉलपेन न्या.

पेठेतल्या बुकीकडे किंवा मोबाईलवर आयडी घेऊन लावलेल्या बेट वहीत लिहू का?

त्या लावूच नका. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं, ते खरं. पण त्याचा अर्थ कुणीही, कुठेही बेट घ्यावी असा नाही. परवाना असलेल्या रेसकोर्सवर, परवाना असलेल्या बुकीकडे किंवा टोटवरच. माझ्या ओळखीच्या एकाने एका पानपट्टीमागे मोठा भाव घेतला, घोडा आला आणि पैसे मागायला गेला तर "कसली बेट?" असं ऐकून परत आला. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही, तक्रार कुणाकडे करणार?

बैलगाडा शर्यतीचंही इथंच सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, मे २०२३ मध्ये कायदा वैध ठरवला. पण परवानगी शर्यतीला आहे, त्यावर पैसे लावायला नाही. बैलांच्या नोंदी मात्र खुशाल ठेवा, त्यात आनंद आहे.

वही घरच्यांना दाखवावी का?

माझी वही टीव्हीच्या कपाटावर असते. आमच्या सौ. दर महिन्याच्या शेवटी शिल्लक बघून खाली सही करतात. पहिल्या महिन्यात मला ते फार जड गेलं. पण ज्या बेटची नोंद घरात दाखवायला हात कचरतो, ती बेट लावताना हातही तसाच कचरू लागला.

थांबायची वेळ वहीतून कशी कळते?

काही खुणा आकड्यांत असतात: थैली निम्मी झाली, दोनशे बेटनंतरही सगळ्या पोटबेरजा नावे. त्याहून मोठ्या खुणा अक्षरात असतात. ओळी गाळलेल्या. "कारण" रिकामं. रक्कम अचानक चौपट. शेवटच्या रेसला सकाळपासूनची भरपाई करायला लावलेली बेट. वही लिहायची टाळाटाळ. तुमच्या वहीत सलग दोन रेसदिवस अशी पानं दिसली, तर त्या महिन्यात जाऊ नका.

उसने घेऊन खेळणं, घरात खोटं सांगणं, झोप उडणं इथवर गोष्ट आली असेल तर वहीने भागणार नाही. टेलीमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर फोनवर मोफत मिळते आणि मराठीत बोलता येतं. फोन करायला लाजू नका. मी ओळखतो अशा एका माणसाने तो केला, आणि आता तो रविवारी मुलाला घेऊन रंकाळ्यावर दिसतो.

पैसे न लावता वही ठेवता येते का?

येते, आणि सुरुवात तशीच करा. पहिला अख्खा सीझन फक्त कागदावर खेळा: भाव, अंदाज, कारण, निकाल. क्लबच्या संकेतस्थळावर निकाल आणि रेसचे व्हिडिओ असतात, कोल्हापुरात बसून हे होतं. शंभर नोंदी झाल्यावर कर धरून बेरीज करा, मग ठरवा.

मी स्वतः कर ४० टक्के झाल्यावर मागच्या तीन सीझनच्या सगळ्या बेट नव्या दराने पुन्हा मांडल्या. चार रात्री लागल्या. पूर्वी जे दोन रकाने जमा यायचे, तेही नावे गेले. सौ.ना पान दाखवलं, त्यांनी नेहमीसारखी सही केली. पुढच्या पुण्याच्या सीझनची चोपडी मी आणून ठेवली आहे आणि पहिल्या पानावर रकानेही आखून झालेत. तारीख, रेस, अंतर, जमीन, घोडा, भाव, अंदाज, कारण, निकाल. रकमेचा रकाना यंदा आखलेला नाही.